डाव्या पिळाची तार

ड्राय फोर्क, आर्कान्सा
३० ऑक्टोबर १९८३

ति. नेल्डाताईस,
हॉलिसचा सा. न. वि. वि.

तुझ्या कारखान्यातले बूट पोचले. बाबांनी ते घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, टाचेपाशी चामडं दाबून पाहिलं आणि सेंट लुईसच्या लोकांना गाय कुठून कापायची हेच कळत नाही असा शेरा मारला. म्हणजे आवडले. तेव्हापासून झोपेपुरतेच काढतात.

काल अंगणात मोठी कढई चढवून सापळे उकळले. अक्रोडाची सालं घातली, त्यामुळे पडदे, उशा, मक्याची भाकरी, सगळ्याला तोच कडवट वास लागलाय. मी अडतीस वर्षांचा घोडा झालो तरी माझं काम लाकडं आणण्याचं. सापळ्याला हात बाबांचाच, तोही हातमोजा घालून. माणसाचा वास लोखंडाला लागला की कोल्हा मैलभर वळसा घालून जातो, हे त्यांनी मला काल पुन्हा नव्याने शिकवलं.

एक गंमत झाली. संध्याकाळी बघतो तर बाबा पुन्हा कढई चढवायला निघालेले. सापळे उकळायचे राहिलेत म्हणाले. समोर खुंट्यांवर सगळे निथळत होते. मी बोट दाखवलं तेव्हा हसले, वय झालं म्हणाले. एकाहत्तर म्हणजे काही थोडं नाही.

हंगाम सुरू झाला की त्यांची रोजची फेरी सुरू. लिक ओढ्याच्या काठाने चार मैल, नाश्त्याच्या आधी, पाऊस असो की बर्फ. सापळा लावला की तिथे कुणीतरी आपली वाट बघत बसलंय असं धरून चालायचं, हे तुलाही पाठ आहे. मला लाकूडगिरणीत सातला हजर व्हावं लागतं, नाहीतर मीही गेलो असतो.

रॉयभावजींना नमस्कार. आमच्यावर माया आहेच तुझी, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हॉलिस


सेंट लुईस
१३ नोव्हेंबर १९८३

चि. हॉलिस यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले पेकनचे दाणे पोचले. निम्मे रॉयने उभ्या उभ्या संपवले.

बाबांची या आठवड्यात दोन पत्रं आली, मंगळवारी एक आणि गुरुवारी एक. शेजारच्या एमरीकाकांच्या टिली कुत्रीने रॅकून झाडावर कसा चढवला आणि काकांना ओढ्यात कसं पाडलं, ही हकिकत पहिल्यात वाचून मी पोट धरून हसले. दुसऱ्यात तीच हकिकत, त्याच शब्दांत, त्याच ठिकाणी शाई डागाळलेली. मी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले. आणि दुसऱ्याच्या शेवटी लिहिलंय, आई मजेत आहे, तिने तुला आशीर्वाद सांगितलाय.

हॉलिस, आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

कढईची गोष्ट तू गंमत म्हणून लिहिलीस. आता मला खरं काय ते लिही. लहानपणी बरणी फोडलीस की तू अशीच गंमत करायचास.

तब्येतीला जप. पत्राची वाट बघते.

नेल्डा


ड्राय फोर्क
४ डिसेंबर १९८३

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

बरणी फुटलीय. उन्हाळ्यापासून हे असं आहे. नावं विसरतात, कोणता वार ते विसरतात, चर्चमध्ये एकाच भजनाला दोनदा उभे राहिले. मी तुला कळवलं नाही, कारण कळवलं की ते खरं होईल असं वाटत होतं.

पण ओढ्यावर ते पूर्वीचेच बाबा असतात. मी दोन रविवार बरोबर गेलो. कुठल्या काठावर मिंक उतरतं, कुठल्या ओंडक्यावर पाणमांजर बसून गेलंय, हे ते चालता चालता सांगतात. घरात तीन पावलांवरचा चष्मा सापडत नाही, आणि तिथे चिखलातलं अर्धं पाऊल बघून नर की मादी ते सांगतात. गेल्या रविवारी दोन पाणमांजरं घसरगुंडी खेळत होती, तर मला खांद्याला धरून खाली बसवलं. अर्धा तास आम्ही दोघं बघत बसलो. सापळ्याकडे जायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

मी एक व्यवस्था केलीय. कोणता सापळा कुठे आहे त्याची यादी कॅलेंडरच्या मागे लिहिलीय. रोज संध्याकाळी एकेक विचारून खूण करतो. एकदा एक सापळा यादीबाहेर निघाला. रिकामा होता, मी गुपचूप उचलून आणला. हा हंगाम त्यांना काढू दे, ताई. जानेवारीअखेर संपतोच.

तुझा,
हॉलिस


सेंट लुईस
११ डिसेंबर १९८३

चि. हॉलिस यास,
आशीर्वाद.

एक यादीबाहेर निघाला, म्हणजे दुसराही निघेल. सापळे काढून घे. रुसतील, ओरडतील, दोन दिवस जेवणार नाहीत. मलाही त्यांनी कारखान्यात जाते म्हटल्यावर महिनाभर बोलणं टाकलं होतं, मेले का मी?

तुझ्याच्याने होत नसेल तर एमरीकाकांना सांग. ते दोघं चाळीस वर्षं एकत्र फिरलेत. त्यांचं ऐकतील.

नाताळात आम्हाला सुटी नाही. ईस्टरला नक्की येते.

नेल्डा


ड्राय फोर्क
२२ जानेवारी १९८४

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकायला हवं होतं. आता जे झालं ते क्रमाने लिहितो, मध्ये थांबलो तर लिहिणं होणार नाही.

सोमवारी, नऊ तारखेला, टिली घरी आली नाही. त्याच रात्रीपासून पाऊस लागला. नदीचं पाणी ओढ्यात मागे चढलं आणि पलीकडच्या हिकरीच्या झाडांच्या उंचवट्याला चारी बाजूंनी वेढा पडला. एमरीकाका रोज संध्याकाळी काठावर उभे राहून शिंग फुंकायचे. टिली कुठेही असली तरी त्या शिंगाला यायची. बाबा रोज त्यांच्याबरोबर जाऊन उभे राहायचे, गुडघे सुजले तरी. त्यांनीच काकांना धीर दिला, शहाणी कुत्री आहे, उंचावर बसली असेल, पाणी उतरलं की येईल.

सतराला पाणी उतरलं. आम्ही तिघं होडी घेऊन उंचवट्यावर गेलो. तिथे आम्ही कित्येक वर्षांत सापळा लावलेला नाही, यादीत तर नव्हताच. टिली तिथेच होती. पुढचा पाय सापळ्यात. साखळी पुरेल तेवढ्या गोलात सगळी जमीन उकरलेली. मधल्या दोन रात्री बर्फ पडलं होतं. जास्त लिहीत नाही.

काका गुडघ्यांवर बसले. बाबांनी वाकून सापळ्यावरची मालकाच्या नावाची पट्टी वाचली. टॅकेट, ड्राय फोर्क. ते हळूहळू उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. ताई, त्यांना काहीच आठवत नव्हतं. पण चेहऱ्यावर काहीतरी हलायला लागलं होतं, माणूस अंधारात किल्ली चाचपतो तसं. अजून एक क्षण गेला असता तर ती सापडली असती.

मी म्हणालो, “मी लावला होता, बाबा. विसरलो.”

त्यांनी माझ्याकडे पाठ केली. मग म्हणाले, “सापळा लावून विसरणारा माणूस माझ्या घरचा नाही.”

काकांनी अंगातला कोट काढून टिलीला गुंडाळली आणि होडीत नेऊन ठेवली. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवारपर्यंत बाबा विसरतील असं मी धरून चाललो होतो. ते सगळंच विसरतात. आज रविवार आहे. सकाळी चर्चमध्ये ते माझ्या शेजारून उठून पुढच्या बाकावर जाऊन बसले.

हॉलिस


ड्राय फोर्क
५ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. नेल्डा हिस,
अनेक आशीर्वाद.

बूट चांगले आहेत. पाणी आत येत नाही.

तुझ्या भावाने तुला लिहिलं नसेल म्हणून मी लिहितो. त्याने हिकरीच्या उंचवट्यावर सापळा लावला आणि आठ दिवस त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. एमरीची टिली त्यात मेली. मी पंचावन्न वर्षं हे काम केलं. कोल्हे मारले, बीव्हर मारले, त्याची मला लाज नाही. पण दुसऱ्या दिवसाचा सूर्य कुणालाही सापळ्यात बघायला लावला नाही. ताप असताना गेलो. तुझ्या जन्माच्या सकाळी गेलो, तुझी आई त्यावरून मला आयुष्यभर बोलली.

त्याला मी सांगितलं, सापळ्यांना पुन्हा हात लावायचा नाही. मीही लावत नाही. जे आमच्या हातून झालं त्यानंतर टॅकेटांनी एमरीच्या शेजारी सापळे लावणं शोभत नाही.

मला हल्ली गोष्टी राहत नाहीत, हे मला कळतं. तुम्हाला वाटतं कळत नाही. पण ही राहिलीय. सकाळी जाग आली की पहिली हीच असते.

एमरी मला काही बोलत नाही. येऊन बसतो. हे त्याचं मोठेपण.

तुझा बाप,
अल्वा टॅकेट


सेंट लुईस
१२ फेब्रुवारी १९८४

चि. हॉलिस यास,
आशीर्वाद.

बाबांचं पत्र सोबत पाठवते. ते वाचू नयेस असं आधी वाटलं, मग वाटलं की तुझ्याविषयी आहे तर तू वाचावंस.

यात एकही चूक नाही. दिवसांचा हिशेब बरोबर, नावं बरोबर. आई गेल्याचंसुद्धा बरोबर. गेल्या वर्षभरात त्यांनी इतकं नीट काही लिहिलेलं नाही. माणसाच्या डोक्यातून सगळं गळून जातं आणि त्यात नेमकं तुझं खोटंच तेवढं टिकतं, हे कसलं नशीब?

मी त्यांना खरं सांगणार. पत्राने नाही, ईस्टरला समोर बसून. तू नको म्हणू नकोस. पंचवीस वर्षं त्या घरात तू राबलास. आईचं आजारपण तू काढलंस, मी नाही. आणि तुझ्याबद्दल असं मनात धरून ते जाणार?

जेवतोस ना वेळेवर?

नेल्डा


ड्राय फोर्क
१९ फेब्रुवारी १९८४

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

जेवतो. बाबा माझ्याबरोबर जेवत नाहीत एवढंच. मी गिरणीत गेलो की मग ते चुलीकडे येतात. संध्याकाळी मी घरात शिरलो की कोट घालून एमरीकाकांकडे जातात. घर एवढंसं आहे, पण दोन माणसांनी एकमेकांना टाळायचं ठरवलं तर त्यात खूप जागा असते.

ईस्टरला ये, पण ते सांगू नकोस. त्यांचं पत्र मी चार वेळा वाचलं. दुसऱ्या दिवसाचा सूर्य कुणाला बघायला लावला नाही, असं त्यांनी लिहिलंय. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलंय. ते काढून घेऊन त्या जागी मी काय ठेवू? चांगला मुलगा? तो त्यांना दोन दिवस पुरेल, मग तोही विसरतील.

सापळे मी परवा लोखंडवाल्याला दिले. दुसऱ्या कुणाला विकू का म्हणून त्याने विचारलं. वितळव म्हणालो.

दर शनिवारी काकांची लाकडं फोडून देतो. ते नको म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत.

माया ठेव.

हॉलिस


ड्राय फोर्क
२९ एप्रिल १९८४

चि. सौ. नेल्डास,
एमरी क्लेपूलचे अनेक आशीर्वाद.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही, हे तुला माहीत आहे. बायको होती तोवर तीच लिहायची. शब्द चुकले तर संभाळून घे.

ईस्टरचं जेवण झाल्यावर तू अल्वाच्या खुर्चीपाशी स्टूल ओढून बसलीस आणि म्हणालीस, बाबा, टिलीबद्दल एक सांगायचंय. त्यावर मला ठसका लागला, मी पाणी मागितलं, मग पाय दुखतो म्हणालो, मग मला गाडीपर्यंत सोड म्हणून तुला उठवलं. तू दरवाजा इतक्या जोरात लावलास की माझी टोपी पडली. तुझा राग बरोबर होता. मला ठसका लागला नव्हता.

पोरी, तो सापळा कोणाचा होता ते मला पहिल्या मिनिटापासून माहीत आहे. मी टिलीचा पाय मोकळा केला तेव्हा साखळी खुंट्याला तारेने बांधलेली होती आणि तार डावीकडे पिळलेली होती. तुझा बाप डावरा. चाळीस वर्षं मी त्याच्या पिळलेल्या तारा उलगडतोय आणि चाळीस वर्षं त्यावरून त्याला शिव्या घालतोय. हॉलिस उजव्या हाताचा. तो ‘मी लावला होता’ म्हणाला, तेव्हा तार माझ्या हातात होती.

मी तेव्हाच का बोललो नाही, असं तू विचारशील. मी टिलीकडे बघत होतो. आधी मला राग आला, खोटं बोलत नाही, दोघांचाही आला. मग वर बघितलं तर तुझा भाऊ असा उभा होता जणू कुणीतरी त्याच्यावर बंदूक रोखलीय आणि तो बापासमोर आडवा आलाय. अशा माणसाला बाजूला हो म्हणायचं कसं? मी तार खिशात घातली आणि परत येताना ओढ्यात टाकली.

अल्वाला खरं सांगितलंस तर दोनच गोष्टी होतील. एक तर तो ते विसरेल, मग तुला पुन्हा सांगावं लागेल आणि रोज त्याला ते नव्याने लागेल. किंवा विसरणार नाही. यातलं कुठलं बरं, हे मला ठरवता आलं नाही, म्हणून मी खोकलो.

हॉलिस दर शनिवारी माझी लाकडं फोडतो. मी एकटा माणूस, तीन हिवाळे पुरतील एवढी झालीत. थांब म्हणायचं तोंडाशी येतं, पण त्याला ते काम हवंय. मला कळलंय हे त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव. तू त्याची बहीण आहेस. मी सांगायला गेलो तर आम्ही दोघं अंगणात उभे राहून रडू, आणि आमच्या वयाला ते बरं दिसत नाही.

येत जा. रागावलेली आलीस तरी चालेल.

एमरीकाका


सेंट लुईस
६ मे १९८४

चि. हॉलिस यास,
अनेक आशीर्वाद.

काकांचं पत्र सोबत ठेवलंय. वाच. मग जाऊन त्यांच्याकडे बस, आणि कुऱ्हाड घरी ठेवून जा.

मी बाबांना काही सांगणार नाही. तुम्ही दोघं गाढव आहात आणि तुमच्याशी माझं नातं आहे, याचा मला अभिमान वाटतो. हे पत्र जपून ठेव, मी असं पुन्हा लिहिणार नाही.

नेल्डा


ड्राय फोर्क
१८ नोव्हेंबर १९८४

ति. नेल्डाताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात लिहिलं होतं तेच पुढे गेलंय. ऑक्टोबरपासून बाबा मला ओळखत नाहीत. एमरीकाकांनी त्यांच्या मदतीला गिरणीतला एक माणूस पाठवलाय, असा त्यांचा समज आहे. मला ‘पाहुणे’ म्हणतात. काकांना अजून ओळखतात, तुझं नावही घेतात. दाढी करताना मान वर करा म्हटलं की करतात. आणि ताई, नऊ महिन्यांनी ते माझ्यासमोर बसून जेवतात. ओळख गेली, तिच्याबरोबर रागही गेला. मला पहिले काही दिवस बरं वाटलं, हे लिहायला लाज वाटते.

काल संध्याकाळी मी वालाच्या शेंगा शिजवल्या होत्या आणि मक्याची भाकरी होती. ते नीट जेवले. मग मला म्हणाले, पाहुणे, तुम्ही गिरणीत असता, तिथे माझा मुलगा आहे. हॉलिस नाव. मी म्हणालो, ओळखतो. त्यांना आनंद झाला. कसा आहे विचारलं. बरा आहे म्हणालो. मग ते बराच वेळ टेबलावरचे भाकरीचे कण बोटाने गोळा करत राहिले.

म्हणाले, पोरगा चांगला आहे. आईचं सगळं केलं त्याने. एकदा सापळा विसरला आणि एक कुत्री मेली. मी त्याला फार लावून बोललो. त्यानंतर तो घरी आलाच नाही. दिसला तर त्याला यायला सांगाल का? दाराला कडी नसते.

मी सांगतो म्हणालो. मग मला राहवेना. मी विचारलं, आला तर त्याला काय म्हणाल? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला साधं व्यवहारज्ञान नाही. “म्हणायचं काय? जेवायला वाढीन.”

मी उठून बाहेर गेलो. ओसरीवर थोडा वेळ उभा राहिलो, डोक्यावरची टोपी काढली, दार वाजवून आत आलो. म्हणालो, “बाबा, मी हॉलिस.”

त्यांनी मला नीट निरखलं, चष्मा लावून. मग अगदी मायेने म्हणाले, “तो नाही आला अजून, पाहुणे. येईल. बसा तुम्ही.”

आणि उठले, ताई. गुडघ्यावर हात देऊन उठले, फळीवरून एक ताट काढलं, पुसलं, माझ्या शेजारच्या जागेवर मांडलं आणि त्यात शेंगा वाढल्या. भाकरीचा मोठा तुकडा ठेवला. मग पुन्हा बसून दाराकडे बघत राहिले. झोपायची वेळ झाली तेव्हा मी त्यांना आत नेलं.

परत आलो तर ताट तसंच होतं. गार झालं होतं. मी बसलो आणि ते जेवलो.

थँक्सगिव्हिंगला तू येतेयस, ते बरं आहे. काकाही येणार आहेत. त्यांना आता एक पिल्लू मिळालंय, खोडकर आहे. बाबा त्याला आज टिली म्हणून हाक मारत होते, आणि काकांनी त्यांना एकदाही दुरुस्त केलं नाही. येताना तुझ्या कारखान्यातला बुटांचा एक जोड आण, माझ्या मापाचा.

तुझा,
हॉलिस